ढवळीचं वजन

मेहरूण, जळगाव
कार्तिक वद्य ७, शके १८३२

तीर्थस्वरूप भाऊ आणि वहिनी यांस सुगंधाचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवत जा.

भाऊ, आषाढात तुम्ही छगनमामांच्या हाती टोपलीत घालून जी मांजरी पाठवली, ती आता त्या टोपलीत मावत नाही. चाळीसगावला गाडी बदलताना मामांनी तिला काखेत धरलं होतं म्हणे. आता धरून दाखवावं. गल्लीतल्या बायका विचारतात, सुगंधाबाई, ढवळीला पिल्लं कधी होणार? मी सांगते, पिल्लं नाहीत, ते दूध आहे.

तुम्ही लिहिलं होतं की ज्या घरात मांजर त्या घरात उंदीर नाही, आणि उंदीर नाही तर गाठीचा ताप, तो प्लेग, नाही. ते वाचूनच ह्यांनी तिला घरात घेतलं, नाहीतर आमच्याकडे कुत्र्याशिवाय कोणाला मान नाही. पण सासूबाईंचा जीव तिच्यावर जडला. सकाळी वाटीभर दूध, दुपारी तूपभात, संध्याकाळी दुधाची खरवड. मी म्हटलं, आत्या, हिला उंदरांसाठी आणलंय. तर म्हणाल्या, "मांजरना पोटवर मारीसन कोनं भलं व्हयनं शे?" मांजर उपाशी मेली तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, तेवढं सोनं तुझ्या माहेरून येणार का, असंही विचारलं.

परवा आढ्यावरून उंदीर कापसाच्या ढिगात उतरला, तिच्या नाकासमोरून गेला. तिने एक डोळा उघडला आणि परत मिटला.

भाऊ, थट्टा करते आहे, पण मला भीती वाटते. माझ्या लेकीला, ठगीला, जाऊन अजून दोन वर्षं झाली नाहीत. तिलाही थंडीतच हा ताप आला होता. आता अभिमन एकटा उरला आहे, चार वर्षांचा, आणि दिवसभर जमिनीवर लोळत असतो. ही मांजरी उंदीर धरायला लागेल असं काही करता येईल का, ते कळवा.

तुमची सुगंधा


धुळे
ता. ३० नोव्हेंबर १९१०

चिरंजीव सौ. सुगंधा हीस चुडामणचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. मी हसलो नाही. जिनाच्या कारखान्यात दिवसभर काट्यावर बसून कापसाचे बोजे तोलणाऱ्या माणसाला वजन ही हसण्याची गोष्ट वाटत नाही. बोजा दिसतो केवढा, भरतो केवढा, आणि त्यात पाणी किती मारलंय, यावर आमची भाकरी.

आता सांगतो तसं कर. आपल्या जिनाच्या वखारीत आठ-दहा मांजरी आहेत आणि त्यांचं सगळं माझ्याकडे आहे.

पहिली गोष्ट, तिला उपाशी ठेवू नकोस. एकदम अन्न तोडलं तर लठ्ठ मांजर आजारी पडते, खाणंच सोडते. आमच्याकडची एक अशीच गेली. दूध हळूहळू कमी कर, आठवड्याला थोडं थोडं. तूपभात मात्र आजच बंद. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ताकात कालवलेला भाकरीचा तुकडा दे, मुठीत मावेल एवढाच. रोज त्याच वेळी. मग रात्रभर ती हिंडेल.

दुसरी गोष्ट, तिला खेळव. दोरीला चिंधी बांधून अभिमनच्या हातात दे. दोघांचाही व्यायाम होईल.

तिसरी गोष्ट, तिच्या बरगड्यांवरून हात फिरवून बघत जा. बरगड्या बोटांना लागायला हव्यात, डोळ्यांना दिसायला नकोत. एवढं साधलं की मांजर ठीक. आणि तुमच्याकडे कापसाचा तराजू आहेच, तिला टोपलीसकट एका पारड्यात ठेव आणि दर आठवड्याला काय भरतं ते मला कळव. डोळा फसतो, माया तर फसवतेच, तराजू फसवत नाही.

सासूबाईंना माझा दंडवत सांग. सोन्याच्या मांजरीची वेळ येणार नाही म्हणावं.

चुडामण


मेहरूण
मार्गशीर्ष वद्य १०

तीर्थस्वरूप भाऊ यांस सुगंधाचा नमस्कार.

तुमची मांजरी आता खरी मांजर झाली. पहिल्या आठवड्यात ती सासूबाईंच्या पायांत घोटाळून अशी काही रडायची की त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. तरी मी वाटी उचलून ठेवली. ढवळी तेव्हा सव्वापाच शेर भरली होती. आता चारच्या थोडी खाली आहे. पोट वर गेलं, कंबर दिसायला लागली, अंगावरचे केस तुकतुकीत झाले. बरगड्या बोटांना लागतात, दिसत नाहीत, तुम्ही सांगितलं तसंच.

आणि भाऊ, ती उंदीर धरते. कापसाच्या खोलीत खुडबुड झाली की कान उभे करून पोटावर सरपटत जाते. अभिमन तिच्या मागे तसाच सरपटतो. त्याच्या अंगरख्याची पोटाकडची बाजू पार विटली.

सासूबाईंचा राग अजून गेला नाही. पण परवा शेजारणीला सांगताना ऐकलं, आमची ढवळी असं करते, आमची ढवळी तसं करते. म्हणजे निम्मा गेला.

रात्री झोप लागते. एवढंच सांगायचं होतं.

सुगंधा


धुळे
ता. २ जानेवारी १९११

चि. सौ. सुगंधास आशीर्वाद.

शाबास. तुझं पत्र मी जिनात तिघांना वाचून दाखवलं. चार शेरांच्या आसपास ठेव. याहून खाली गेली तर तुकडा वाढव, वर गेली तर कोणीतरी चारतंय समज. संक्रांतीचे तिळगूळ छगनमामांकडून येतील.

चुडामण


मेहरूण
माघ शुद्ध ३

तीर्थस्वरूप भाऊ यांस सुगंधाचा नमस्कार. तिळगूळ पोचले.

जळगावात गाठीचा ताप सुरू झाला. पेठेत उंदीर पडले, लोक बाहेर निघाले. आमच्या मेहरूणलाही वरच्या आळीत परवा दोन घरांत उंदीर पडले आणि ती आळी त्याच दिवशी तलावापलीकडच्या शेतांत झोपड्या घालून राहायला गेली. इथली रीत तुम्हाला ठाऊक आहे. घरात उंदीर मरून पडला की चूल विझवायची, दार ओढायचं आणि निघायचं. पडला नाही तोवर कोणी हलत नाही, कारण कापूस घरात आहे.

आमच्या गल्लीतली निम्मी घरं गेली. मी ह्यांना म्हटलं, आपणही जाऊ. तर म्हणाले, "आपला घरमा एक बी उंदीर पडना नही. कसाले जावानं?" खरंच पडला नाही. मी रोज कोपरान् कोपरा झाडते, कापसाच्या ढिगामागे दिवा घेऊन बघते. काही नाही. लोक म्हणतात, झुलालच्या घरात मांजर आहे, त्यांना काय भीती.

अभिमनला खोकला आहे. रात्री घरघर वाजतो. शेतात थंडी फार पडते, याचाही विचार येतो. तुम्ही काय म्हणता ते लगेच लिहा. तुमचा शब्द हे मानतात.

आणखी एक. ढवळी परत वाढते आहे. संध्याकाळच्या तुकड्याशिवाय मी तिला काही देत नाही, आणि तोही ती हल्ली हुंगून सोडते. तरी या आठवड्यात साडेचार शेर भरली.

सुगंधा


धुळे
ता. ५ फेब्रुवारी १९११

चि. सौ. सुगंधास आशीर्वाद.

तुझी काळजी समजते. पण दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक किती फुंकायचं, त्यालाही सीमा आहे. घरात उंदीर पडलेला नाही. पोराला खोकला आहे. अशा थंडीत त्याला उघड्या रानात नेलंस तर गाठ राहिली बाजूला, छाती भरून यायची. झुलालराव बरोबर बोलतात. उंदीर पडला तर मात्र क्षणभरही थांबू नका.

ढवळीचं म्हणशील तर त्यात कोडं काही नाही. तुकडा सोडते आणि वजन वाढतं, म्हणजे पोट दुसरीकडे भरतंय. काटा खोटं बोलत नाही. सासूबाई तिला लपून दूध घालतात, दुसरं कोण? गोड बोलून विचार. आता या दिवसांत मांजर सुस्त झाली तर उंदीर माजतील, मग कोणाला बोल लावणार?

चुडामण


मेहरूण
माघ शुद्ध १०

तीर्थस्वरूप भाऊ यांस सुगंधाचा नमस्कार.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे विचारलं, पण गोड बोलणं मला जमलं नाही. ढवळी पाच शेर भरली होती, त्याच पावली जाऊन मी सासूबाईंना म्हटलं, तुमच्या मायेपायी माझ्या पोराचा जीव जाईल. त्या कापूस निवडत होत्या. उठल्या, अभिमनला जवळ ओढलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी तिले थेंबभर दूध दिधं व्हई, ते या पोरनी आन."

भाऊ, एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी नातवाची शपथ घेतं का? ह्यांनी मला सगळ्यांदेखत खडसावलं. तेव्हापासून घरात कोणी कोणाशी बोलत नाही.

पण तुमचा काटा चुकला एवढं मात्र कळलं. ढवळी उंदरांवरच जगते आहे, मी दोन दिवस पाळत ठेवून पाहिलं. आता तिला धावावंही लागत नाही, इतकी तरबेज झाली आहे. भिंतीशी बसून राहते आणि उंदीर समोर आला की नुसता पंजा टाकते. भरदिवसा. सगळा खाते, शेपूटही ठेवत नाही. आढ्यावर आता खुडबुड नाही, घर कसं शांत आहे. अभिमनचा खोकलाही उतरला. तो ढवळीला कुशीत घेऊन झोपतो.

गल्लीत आता आम्ही आणि चांभारीणबाई एवढेच उरलो.

सुगंधा


धुळे
ता. ११ फेब्रुवारी १९११

सुगंधा,

हे पत्र मिळेल त्या क्षणी घर सोड. आता तार करून आलो आहे, पण तारेत कारण मावत नाही म्हणून हे लिहितो. झुलालरावांना वाचून दाखव.

ढवळी तरबेज झालेली नाही. उंदीर आजारी आहेत. धडधाकट उंदीर भरदिवसा मांजरीसमोर येऊन बसत नाही. तुमच्या घरात उंदीर पडत आहेत, कधीचे पडत आहेत. ते जमिनीवर पडायच्या आत ती खाते, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. बाकीच्यांना त्यांच्या घरांनी सांगितलं, तुमच्या घराचं तोंड या मांजरीने बंद केलं.

तिचं वजन वाढलं हीच खूण होती, आणि मी, वजनावर पोट भरणारा माणूस, ती सासूबाईंच्या माथी मारून मोकळा झालो.

कापूस राहू दे. भांडी राहू देत. अभिमनला तिच्याजवळ जाऊ देऊ नकोस, त्याचे कपडे उकळत्या पाण्यात टाक. मी रजा मागितली आहे. जिनाचा हंगाम आहे, देतील तेव्हा येईन.

चुडामण


मेहरूणचं शेत
माघ वद्य ६

भाऊ,

तुमची तार आली. "घर आजच सोडा" एवढंच शाळेच्या मास्तरांनी इंग्रजीतून वाचून सांगितलं. मी अभिमनला आणि पांघरूण घेऊन दारात उभी राहिले. हे म्हणाले, धुळ्यात बसून तुझ्या भावाला काय दिसलं? गेल्या पत्रात तर थांबा म्हणत होता. सकाळी गाडी जुंपू, आता कुठे अंधारात थंडीत नेतेस. मी परत आत आले.

सकाळी त्याचं अंग तापलं होतं. जांघेत गाठ होती.

आम्ही त्याला घेऊनच शेतात आलो. दोन दिवस होता. दुसऱ्या दिवशी मला ओळखलं नाही, ढवळी ढवळी म्हणत होता. तलावापलीकडे ठगीशेजारी ठेवला. तुमचं पत्र त्यानंतर आलं. ह्यांना वाचून दाखवलं. हे उठून बांधावर जाऊन बसले.

भाऊ, मी तुमच्यावर रागावले नाही असं लिहिणार होते. पण खोटं का लिहू? आला राग. तुमच्यावर, ह्यांच्यावर, स्वतःवर तर सगळ्यांत जास्त. मीच तिला दूध तोडून उंदरांवर घातलं. ती भाताने फुगली असती तर उंदीर जमिनीवर पडले असते, आणि आम्ही पंधरा दिवसांपूर्वीच इथे आलो असतो.

आता दुसरं संकट. सासूबाई जेवत नाहीत. संक्रांतीच्या दिवशी त्यांनी ढवळीला बोटभर साय चाटवली होती. सणाचा दिवस म्हणून. शपथ घेताना ते आठवलं होतं, पण माझ्यापुढे हार कशी घ्यायची म्हणून घेतली. शपथेनंतर चौथ्या दिवशी पोराला ताप. आता एकच बोलतात, "मन्ही आन खोटी व्हती. मीच खाई गऊ मन्हा नातूले." ढवळी आमच्या मागोमाग शेतात आली आहे. मी पुढे ठेवलेली भाकरी त्या तिला घालतात.

ह्यांनी हातापाया पडून पाहिलं. पाणी घेतात, तेही तोंड ओलं करण्यापुरतं. काय करू?

सुगंधा


धुळे
ता. २३ फेब्रुवारी १९११

माझी सुगंधा,

पत्र वाचल्यापासून मी काट्यावर बसलेलो नाही. बसवत नाही. त्याआधी रजा मिळाली होती, चाळीसगावपर्यंत आलो. तिथे माझं अंग जरा गरम लागलं म्हणून स्टेशनावरच्या प्लेगच्या डॉक्टरने उतरवून ठेवलं आणि तीन दिवसांनी धुळ्याला परत पाठवलं. साधा ताप होता. तुझ्या दाराशी येऊन उभंही राहता आलं नाही.

सासूबाईंना खरं काय ते सांग. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढंच. बोटभर सायीने पोर जात नाही. घर आधीपासून नासलं होतं. थांबा म्हणून मी लिहिलं, दोष माझा आहे, त्यांना तसंच सांग. माझं नाव घेऊन त्या शिव्या देऊ देत, पण दोन घास खाऊ देत. हे पत्र त्यांना वाचून दाखव.

म्हातारं शरीर आहे. उशीर करू नकोस.

चुडामण


मेहरूणचं शेत
फाल्गुन शुद्ध ४

भाऊ,

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, आधीचं उंदरांचंही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुन्हा भाऊ शिकेल शे. मन्हं मन राखासाठे लिखस. देव लिखस नही, तो ऐकस." आणि तोंड झोपडीच्या कुडाकडे केलं.

खऱ्याने काम झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना बसवतही नव्हतं. ठगी गेली तेव्हा मीही अशीच पडले होते, भाऊ. तुम्हाला कळवलं नव्हतं. तेव्हा याच बाईने माझं डोकं मांडीवर घेऊन, शिव्या देत देत, माझ्या तोंडात पेज घातली होती. त्यानंतर अभिमनला सांभाळायला मी उरले ती तिच्यामुळे. तिला माझ्या डोळ्यांसमोर त्या एका बोटभर सायीसाठी मरू देणं मला जमेना.

म्हणून काल मी त्यांच्याजवळ बसले, ह्यांनाही बोलावून घेतलं, आणि सांगितलं की तुम्ही शपथ घेतली त्याच्या आदल्या दिवशीच अभिमनच्या जांघेत गाठ माझ्या हाताला लागली होती. बारीक होती. सरकारी माणसं त्याला दवाखान्यात ओढून नेतील या भीतीने मी कोणाला बोलले नाही. लपवली. तुमची शपथ नंतरची आहे.

सासूबाईंनी कुडाकडचं तोंड माझ्याकडे फिरवलं. म्हणाल्या, "मंग मन्ही आननी तो गया नही." मी म्हटलं, नाही आत्या. त्यांनी डोळे मिटले आणि रडल्या. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

ह्यांच्या चेहऱ्यावरूनही काहीतरी उतरलं. मी पाहिलं ते. तार आली त्या रात्रीचं ओझं असेल. त्यानंतर राग आला, आणि आता तो कुठे ठेवायचा हे त्यांना ठाऊक होतं. चार दिवस पोराला गाठ घेऊन खेळू दिलंस, म्हणाले. आई असून. मग म्हणाले, "तुन्हा भाऊकडे जाय." ओरडले नाहीत. ओरडले असते तर परत बोलावतील असं वाटलं असतं.

सासूबाईंनी आज सकाळी अर्धी भाकरी खाल्ली. मी वाढायला गेले तर ताट बाजूला सरकवलं, स्वतः उठून घेतली. मी बांधाआडून बघत होते, सगळी खाल्ली. आता त्या जगतील.

तुम्हाला हात जोडून एकच मागते. इथलं कोणी भेटलं, छगनमामांनी जरी विचारलं, तरी मी सांगितलं तेच खरं म्हणा. तुमच्याजवळची माझी पत्रं चुलीत घाला, म्हणजे ती कधी यांच्या हाती लागायची नाहीत. वहिनींनाही सांगू नका. त्या मला वाईट बाई समजल्या तर समजू देत.

शनिवारच्या गाडीने निघते. चाळीसगावला डॉक्टर अडवतील, पण माझं अंग थंड आहे, सोडतील. धुळ्याच्या स्टेशनावर या. सामान काही नाही, मी एकटीच आहे.

सुगंधा